सहा माणसं, अडीच तिकिटं: घरच्यांना कमी पैशात फिरवून आणायचं कसं

आम्ही अमळनेरचे, घरात माणसं सहा. मी, आमचे हे, ११ वर्षांची पोरगी, ४ वर्षांचा पोरगा, सासूबाई ६८ च्या, त्यांना मी आईच म्हणते, आणि सासरे ७६ चे, त्यांना सगळे नाना म्हणतात. एवढी फौज घेऊन एसटीत चढलो की कंडक्टर आधी डोकी मोजतो आणि मग पैसे अडीच तिकिटांचे घेतो. हिशोब करून बघा. बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, म्हणजे मी अर्धी आणि आई अर्ध्या, पोरगी ५ ते १२ मधली म्हणून अर्धी, पोरगा ५ च्या आतला म्हणून फुकट, नाना ७५ च्या वरचे म्हणून फुकट, उरले आमचे हे, पूर्ण तिकीट त्या एकट्याचं. ते दर वेळी तोंड वाकडं करतात पण काय करणार.

हे आधीच सांगायचं कारण असं की फिरायला जायचं म्हटलं की आपण पहिले ठिकाण ठरवतो, मनाली की महाबळेश्वर, मग फोटो बघतो, पोरांना सांगून मोकळे होतो आणि मग पैसे बघतो. तिथेच चुकतं. आमचंही चुकलं होतं. काही वर्षांपूर्वी एका एजंटचं पॅकेज घेतलं होतं, "सगळं त्यात आलं" असं तोंडी सांगितलेलं. तिथे गेल्यावर कळलं की सगळं म्हणजे खोली आणि सकाळचे पोहे. जेवण वेगळं, पॉइंट दाखवायची गाडी वेगळी, पार्किंग वेगळं, ड्रायव्हरचं राहणं-जेवणही आपल्याच डोक्यावर. १४ हजार धरून गेलेलो, घरी आलो तर २३ हजार गेलेले. आणि वरून मे महिना. आई तिथल्या दुपारी बाकावर बसून म्हणाल्या, "इतला पैसा देईसन आठे बी तेच ऊन खावानं?" (इतका पैसा देऊन इथेही तेच ऊन खायचं?) त्या वाक्याने मला आयुष्यभराचं प्लॅनिंग शिकवलं असं समजा.

तर पहिलं काम, आकडा. ठिकाण नाही, आकडा. घरातल्या कर्त्या माणसांनी बसून ठरवायचं की या वर्षी फिरण्यावर इतकेच जाणार, आणि ते पैसे उधारीचे नसणार. माझी सोय भिशीची आहे. गल्लीतल्या आम्ही बायका महिन्याला भिशी टाकतो, आणि मी नंबर मुद्दाम दिवाळीच्या आधीचा मागून घेते, चिठ्ठी निघाली तरी दुसरीला देऊन अदलाबदल करते. भिशी नसेल तर डब्यात टाका, पण वेगळ्या डब्यात, कारण किराण्याच्या पैशात मिसळलेले फिरण्याचे पैसे परत कधी दिसत नाहीत.

आकडा ठरला की त्यातला सहावा-पाचवा हिस्सा उचलून बाजूला ठेवायचा आणि तो नाहीच आहे असं समजायचं. कोणाचं पोट बिघडलं, बस चुकली, चप्पल तुटली, हे होतंच. चार वर्षांचं पोरगं सोबत असेल तर हे सगळं एकाच दिवशी होतं.

आता महिना. आपल्याकडे हा विषय मोठा आहे, पुण्या-मुंबईवाल्यांना कळणार नाही. जळगाव-भुसावळला मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, शाळेला सुट्टी नेमकी तेव्हाच, आणि तेव्हाच लग्नसराई. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, त्या आठ दिवसांत घर सोडायचं नावही काढू नका, ना सासरचे खूश राहतील ना माहेरचे. शेती असेल तर दिवाळीत कापूस वेचणीला आलेला, म्हणजे तेव्हा घरचा एक माणूस मोकळा नाही. आमची शेती कमी म्हणून आम्ही भाऊबीजेनंतरचे तीन-चार दिवस पकडतो. शाळेला सुट्टी असते, ऊन उतरलेलं असतं आणि पाहुण्यांची गर्दीही कमी झालेली असते. ज्यांना दिवाळीत जमत नाही त्यांनी जानेवारीत २६ तारखेला लागून शनिवार-रविवार येतो का ते कॅलेंडरात बघावं. मे मध्येच जायचं तर डोंगर, दुसरं काही नाही.

मग येतं ठिकाण. माझा नियम एकच, घरापासून जास्तीत जास्त एकदा गाडी बदलायची आणि तिथे गेल्यावर एकाच जागी मुक्काम टाकायचा. रोज नवीन गाव केलं की रोज रिक्षा, रोज बॅगा, रोज नवीन लॉजवाला, आणि म्हातारी माणसं दुसऱ्याच दिवशी थकून बसतात. एसटीचा चार किंवा सात दिवसांचा "आवडेल तेथे प्रवास" पास असतो, तो रोज फिरणाऱ्यांना बरा, आम्हाला त्याचा कधी उपयोग झाला नाही.

मागच्या वेळी आम्ही तोरणमाळला गेलो, त्याचा हिशोबच सांगते म्हणजे कल्पना येईल. अमळनेरहून शहादा, शहाद्याहून तोरणमाळची एसटी. सातपुड्यात अकराशे मीटरच्या वर आहे ते, वर चढताना घाट असा आहे की माझी पोरगी खिडकीत आणि मी डोळे मिटून. वर यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथाचं मंदिर, कमळांचा तलाव, खडकी पॉइंट. सीताखाईचा धबधबा पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमागच बघायचा, उन्हाळ्यात गेलात तर नुसती दरी दिसेल, तीही काही कमी नाही म्हणा. आमचा आकडा होता १० हजार, दोन रात्री, सहा माणसं. त्यात एक मोठी खोली आणि वर दोन गाद्या, रात्रीचे १६०० म्हणजे ३२०० राहण्याचे. जाणं-येणं गावातल्या रिक्षासकट १५००. एक दिवस जीप केली ती १५००. जेवण-चहा २०००. आणि १८०० बाजूला ठेवलेले. त्यातले ७०० गेले, ४०० जास्तीच्या पांघरुणाचे आणि गरम पाण्याचे (हे खोली घेतानाच विचारायला हवं होतं, विचारलं नाही) आणि ३०० पोराच्या तापाच्या औषधाचे. तुम्ही जाल तेव्हा दर वेगळे असतील, पण कुठल्या खात्यात किती जातं हे साधारण असंच राहतं.

जीपचं लक्षात ठेवा. सगळ्यात जास्त पैसा तिथे निसटतो, तिकिटात नाही. एसटीने अडीच तिकिटात वर गेलो याचा आनंद आम्ही तासभर केला आणि मग जीपवाल्याने पाच पॉइंटचे अडीच हजार सांगितले. मी म्हटलं दादा पाच नको, तीन दाखवा, आणि दुसरं एक कुटुंब आहे लॉजवर, धुळ्याचं, त्यांनाही विचारते. त्यांनी हो म्हटलं, गाडी तीन हजाराला ठरली, निम्मे निम्मे, दोन्हीकडची पोरं एकमेकांत रमली ते वेगळंच. तलाव आणि मंदिर तर पायीच झालं. तर जिथे जाल तिथे आदल्या संध्याकाळी लॉजवर कोण उतरलंय ते बघून बोलून ठेवा, लाजू नका.

एटीएमचा भरवसा डोंगरात धरू नका, रोख शहाद्यातच काढून घ्या, आणि ते दोन जणांकडे वाटून ठेवा. मोबाइलच्या रेंजचाही नाही. परतीच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या कंडक्टरलाच विचारायची, कारण शेवटची बस चुकली तर खाजगी गाडीवाला जे मागेल ते द्यावं लागतं, तिथे घासाघीस चालत नाही.

राहण्याचं आता. खोली फोनवर ठरवताना मी पाच गोष्टी विचारते आणि उत्तर व्हॉट्सअपवर लिहून मागते: सहा माणसं एका खोलीत चालतात का, जास्तीच्या गादीचे किती, गरम पाणी कधी आणि फुकट का, आपलं बांधून आणलेलं खाल्लेलं चालतं का, आणि संडास कमोड आहे का. शेवटच्याला हसू नका, नानांचे गुडघे गेलेत, आणि त्यांच्यासाठी आयत्या वेळी दुसरी खोली घ्यावी लागली की बजेट तिथेच संपतं. तळमजल्याचंही विचारा. ॲडव्हान्स पाचशेच्या वर मी पाठवत नाही, आणि गुगलवर पहिला दिसला तो नंबर त्या संस्थेचाच असतो असं समजू नका, भक्तनिवासांच्या नावाने खोटे नंबर टाकून पैसे उकळणारे बसलेले असतात.

भक्तनिवास हा खरं तर आपल्यासारख्यांचा सगळ्यात मोठा आधार. शेगावला गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास आहे, स्वच्छता अशी की घरी आल्यावर आपल्याच बाथरूमची लाज वाटते, महाप्रसाद फुकट. भुसावळहून नागपूरच्या लाइनवर थेट गाड्या आहेत. संस्थानच्या शाखा ओंकारेश्वर, पंढरपूर, त्र्यंबकेश्वरलाही आहेत. तिथे आधार कार्ड सगळ्यांचं लागतं, पोरांचंसुद्धा, आणि नियम पाळायचे, रात्री उशिरा हुल्लड चालत नाही. आईंचा देव होतो आणि पोरांचं फिरणं होतं, घरात भांडण नाही.

आधार कार्डाचं निघालंच आहे तर, एसटीत नानांचं कार्ड खिशात वरच्या वर पाहिजे, बॅगेच्या तळाशी नाही. एकदा आमचं तळाशी होतं आणि भर बसमध्ये बॅग उपसली तेव्हा चटणीचा डबा उघडला. पुढचे दोन तास सगळी बस खोकत होती.

आता राज्याबाहेर जायचं असेल तर सगळा हिशोब बदलतो. एसटीची ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच. शिरपूरवरून सेंधव्याकडे बस गेली की हद्दीपुढचं तिकीट पूर्ण, नानांचंसुद्धा. आणि मध्य प्रदेशात आपल्यासारखी सरकारी एसटी नाही, तिथली महामंडळाची सेवा २००५ मध्येच गुंडाळली, नंतर सगळ्या खाजगी बस. म्हणून तिकडे रेल्वे. पण रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद, बायकांना अर्धं वगैरे काही नाही. पोरांचं असं की ५ च्या आतलं फुकट, ५ ते १२ ला वेगळी बर्थ नको म्हटलं तर अर्धं आणि बर्थ पाहिजे तर पूर्ण. म्हणजे एसटीत अडीच असणारे आम्ही रेल्वेत साडेचार होतो, पोरीला बर्थ घेतली तर पाच. तरी लांबच्या पल्ल्याला रेल्वेच स्वस्त पडते आणि म्हाताऱ्यांना आडवं होता येतं, गाडीत संडास असतो, यावर सगळं आलं.

रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून, आधी १२० होते. त्यामुळे दिवाळीचं ठरवायचं तर गणपतीच्या आसपासच बसायला लागतं, सकाळी ८ ला उघडतं आणि ८ वाजून पाच मिनिटांनी वेटिंग सुरू. ऑनलाइन काढलेलं तिकीट शेवटपर्यंत पूर्ण वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होऊन पैसे थोडे कापून परत येतात पण तुम्ही मात्र स्टेशनवर सामानासकट, म्हणून म्हातारी माणसं सोबत असताना वेटिंगच्या भरवशावर खोली बुक करायची नाही. तत्काळ आदल्या दिवशी एसीचं १० ला आणि स्लीपरचं ११ ला उघडतं, ते महागही आणि मिळेलच असं नाही, सहा माणसांना तर विसराच.

राज्याबाहेर म्हणून मी सगळ्यांना आधी बऱ्हाणपूर सांगते. लोक म्हणतात तिथे काय आहे. अहो आपल्या जुन्या खानदेशची राजधानी ती, फारुकी सुलतान तिथून राज्य करायचे, अकबराने १६०१ मध्ये असिरगड घेतला तेव्हा ते राज्य संपलं. भुसावळहून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर. तापीच्या काठावर शाही किल्ला, त्यातला हमाम, छतावरची रंगीत नक्षी अजून दिसते. मुमताज महल १६३१ मध्ये याच गावी गेली, ताजमहाल नंतर आग्र्याला झाला हे पोरीला तिथे उभं राहून सांगितलं तर तिला इतिहासाचं पुस्तक न उघडता पाठ झालं. जामा मशिदीत संस्कृत शिलालेख आहे, तो नक्की शोधा. मुघलांच्या काळातली जमिनीखालून पाणी आणायची कुंडी भंडाऱ्याची सोय आहे, नानांनी आयुष्यभर विहिरी बघितल्या, ते तिथून हलेचनात. आणि मावा जिलेबी, ती खाताना बजेट बघायचं नाही. मराठी समजणारी माणसं तिथे भरपूर, त्यामुळे रिक्षावाल्याशी भाव करणं सोपं. सकाळची गाडी, रात्री घरी, खोलीचे पैसेच नाहीत. असिरगड मात्र वीसेक किलोमीटरवर आणि चढाईचा, म्हातारी माणसं असतील तर सोडून द्या. मोठी सुट्टी असेल तर पुढे खंडव्याला उतरून बसने ओंकारेश्वर, तिथून महेश्वर, अहिल्याबाईंचा घाट आणि साड्यांचे माग. पण माग बघायला बायकांना नेलं तर वेगळं बजेट ठेवा, हे अनुभवाने सांगते.

जेवणाचं मी कडक ठेवते. पहिल्या दिवसाचं पूर्ण जेवण घरचं. दशम्या, म्हणजे दुधात भिजवलेल्या पिठाच्या, दोन दिवस मऊ राहतात, तिखटाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, लोणचं, केळीचे वेफर्स तर आपल्याकडे ढिगाने, आणि मुरमुऱ्याचा चिवडा. दुसऱ्या दिवशी सकाळचा नाश्ता पोटभर आणि उशिरा, मग मध्ये फळं-चिवडा आणि एकच मोठं जेवण संध्याकाळी. त्या जेवणाला हात आखडायचा नाही, शेवभाजी मागवायची तर दोन वाट्या जास्त मागवायच्या, नाहीतर घरी येऊन ऐकवतात की उपाशी फिरवलं. पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसलात तर सहा माणसांचे दिवसाला दीड-दोनशे सहज जातात, पाच लिटरचा थर्मास जड वाटतो पण न्या.

पोरांच्या हट्टाला इलाज एकच सापडलाय. निघताना पोरीच्या हातात तिचे ३०० रुपये दिले आणि सांगितलं की फुगा, गॉगल, बोटिंग, कुल्फी, काय करायचं ते यात. संपले की संपले. पहिल्या दिवशी तिने गॉगल घेतला, तो त्याच संध्याकाळी तुटला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोनशेला अशी चिकटून होती की बोटिंगलाही नको म्हणाली, शेवटी नानांनीच तिला बसवलं. नातेवाइकांना काहीतरी आणायची पद्धत मात्र आम्ही बंद केली, शेजारी-पाजारी फक्त प्रसाद. दोन वर्षं बोलले लोक, मग सवय झाली.

आणि ज्या वर्षी आकडाच जमत नाही, कापसाला भाव नाही किंवा घरात दवाखाना निघाला, त्या वर्षी एक दिवसाचं काढायचं, पण काढायचं. चाळीसगावजवळ पाटणादेवी, गौताळ्याच्या जंगलात, तिथे भास्कराचार्यांच्या नातवाने मठ काढला त्याचा १२०७ चा शिलालेख आहे, पोरांना गणिताची भीती वाटत असेल तर दाखवून आणा. एरंडोलचं पद्मालय, यावलकडची मनुदेवी, चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आणि जुनं मंदिर, तिथून मुक्ताईचं दर्शन. अजिंठा तर जळगावहून एका दिवसात होतं, तिकीट ४० रुपये, १५ च्या आतल्यांना फुकट, सोमवारी बंद असतं हे विसरलात तर फर्दापूरच्या फाट्यावरून परत याल. फाट्यापासून वर लेण्यांपर्यंत वेगळी बस असते, ते पैसे धरून ठेवा, आणि वर पायऱ्या बऱ्याच आहेत, आईंना आम्ही सुरुवातीच्याच एक-दोन लेण्यांत बसवून ठेवलं, त्या म्हणाल्या इथेच गार आहे, तुम्ही या फिरून.

एकदा तर आम्ही एवढंही केलं नाही. थंडीत मामाच्या शेतात भरीत पार्टी. बामणोदची हिरवी वांगी आणली, कपाशीच्या काड्यांवर भाजली, लाकडी बडगीत कुटली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी घरून बांधून नेलेल्या. वीस माणसं, माणशी साठ रुपयेही लागले नाहीत, नाना झाडाखाली बाजेवर झोपले आणि पोरं संध्याकाळी घरी यायला तयार नाहीत. मीठ तेवढं यादीत पहिल्या नंबरवर लिहा. आम्ही विसरलो होतो, शेजारच्या मळ्यातून मागून आणावं लागलं, आणि मग ज्यांनी दिलं ते पाच जण पण जेवायला बसले.